ट्रॅक्टर गटाचा, तर तेलही गटानेच बघायचं



आज आपण ट्रॅक्टरच्या तेलाबद्दल बोलणार आहोत. इंजिनच्या तेलाबद्दल नाही. इंजिनच्या मागे, ड्रायव्हरच्या सीटखाली जी लोखंडी पेटी असते, तिच्यातल्या तेलाबद्दल. गिअर, मागचं हायड्रॉलिक म्हणजे आपली लिफ्ट, आणि बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेकसुद्धा याच तेलात चालतात. विषय ऐकूनच काही जणी म्हणतील, "हे काम ड्रायव्हरचं, आपण बायांनी त्यात काय बघायचं?" म्हणून आधी त्याचंच उत्तर देऊ.

महाराष्ट्रात 'उमेद' अभियान २०११ मध्ये सुरू झालं. त्याच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे १९७५ पासून, महिला आर्थिक विकास महामंडळ आहे. आपण आधी बचत शिकलो, मग कर्जाची परतफेड शिकलो, मग शेळ्या, पापड, दालमिल. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाचं उपअभियान आलं आणि अवजारं भाड्याने देणाऱ्या केंद्रांची चर्चा गावोगाव सुरू झाली. आता आपल्या भागातही गटांनी आणि ग्रामसंघांनी अवजार बँका उभ्या केल्या आहेत. कुठे रोटाव्हेटर आहे, कुठे पेरणी यंत्र आहे, तर कुठे अख्खा ट्रॅक्टर आहे.

पण बैठकीत विचारलं की, "ताई, ट्रॅक्टरचं पुस्तक कुठे आहे?" तर उत्तर येतं, "ड्रायव्हर दादाकडे असेल." तेल कधी बदललं? "मेकॅनिक भाऊला माहीत." चावी कुणाकडे? "यांच्याकडे." म्हणजे कागदावर ट्रॅक्टर बायांचा, हप्ता भरायचा बायांनी, आणि तो आतून बरा आहे की आजारी, हे माहीत मात्र दुसऱ्यालाच. घरातली म्हैस दूध कमी द्यायला लागली तर आपण दुसऱ्याला विचारत बसत नाही. कास बघतो, शेण बघतो, चारा बघतो. ट्रॅक्टरलाही तसंच बघता येतं. त्याला इंजिनिअर व्हावं लागत नाही. एक पट्टी ओढून बघायची असते आणि आपले डोळे, नाक, बोटं वापरायची असतात.

हे तेल करतं तरी काय?

या पेटीत मोठमोठी दातेरी चाकं असतात. इंजिन जोरात फिरतं, पण ताकद हळू आणि दमाने चाकांपर्यंत जायला हवी. ते काम ही दातेरी चाकं करतात. लोखंडावर लोखंड घासलं की झीज होते आणि उष्णता होते. तेल मधे पातळ पडद्यासारखं राहतं आणि घासू देत नाही. हे त्याचं पहिलं काम.

दुसरं काम उष्णता वाहून नेण्याचं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये नांगरट चालते. ऊन पंचेचाळीसच्या घरात आणि जमीन काळी, चिवट. नांगर जितका खोल, तितका गिअरवर भार. ती गरमी तेल उचलतं आणि पेटीच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत आणून सोडतं. तेल कमी असेल तर उरलेलं तेलच जास्त तापतं आणि लवकर खराब होतं.

तिसरं काम लिफ्टचं. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये लिफ्ट याच पेटीतलं तेल वापरते. एक पंप तेल ओढतो, दाबाने सिलेंडरमध्ये ढकलतो आणि मागचं अवजार वर उठतं. ही युक्ती जगभर पसरवली ती हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या शेतकऱ्याच्या मुलाने. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे बैलगाडीसारखा ओढत न्यायचे. नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलून उलटण्याची भीती असायची. फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी जोडलं आणि तेलाच्या दाबाने उचललं. १९३९ मध्ये फोर्डबरोबर काढलेल्या ट्रॅक्टरमधून ही रीत सगळीकडे गेली. आज आपल्या गटाच्या ट्रॅक्टरला मागे ज्या तीन जोडण्या दिसतात, त्या तिथूनच आल्या.

चौथं काम ब्रेकचं. आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात. ते तेलच त्यांना थंड ठेवतं. कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन उतारावरून येताना या तेलावर माणसाचा जीव असतो. काही ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे असतात. तिथे उलटं होतं. पेटीतलं तेल गळून ब्रेकवर गेलं तर ब्रेक लागत नाही. दोन्हीकडे धडा एकच, तेल जिथे असायला हवं तिथेच असलं पाहिजे.

या पेटीत मॉडेलप्रमाणे तीस-चाळीस लिटर, काही ट्रॅक्टरमध्ये त्याहूनही जास्त तेल मावतं. म्हणजे एकदा खराब झालं तर पाच-सात लिटरचा प्रश्न नसतो. आणि तेलाअभावी गिअर तुटले, तर सबंध ट्रॅक्टर मधून दोन भाग करून उघडावा लागतो. मृगाचा पाऊस पडला आहे, ओल आहे, गटातल्या बारा जणींची वावरं पेरायची आहेत आणि ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये उघडा पडला आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. नुकसान दुरुस्तीच्या बिलाचंच होतं असं नाही, पेरणीची वेळ निघून जाते. ती कोणत्याही पैशाने परत येत नाही.

तेल बघायचं कसं?

आता रीत सांगतो. शक्यतो सकाळी बघा, काम सुरू होण्याआधी. तेल तापलं की फुगतं आणि पातळी खोटी दिसते. शिवाय नुकतं काम झालेलं असेल तर बरंच तेल दातेरी चाकांवर आणि नळ्यांत अडकलेलं असतं, खाली उतरलेलं नसतं.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. धुऱ्यावर, उतारावर, एक चाक खड्ड्यात असं नको. इंजिन बंद. चावी काढून घ्या आणि ती बघणारीच्याच हातात ठेवा. हँडब्रेक ओढा. मागचं अवजार आणि लिफ्टचे हात पूर्ण खाली आणा. लिफ्ट वर असेल तर तेल सिलेंडरमध्ये असतं आणि पेटीत कमी दिसतं. शिवाय वर उचललेल्या अवजाराजवळ वाकून काम करणं धोक्याचं. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा.

मग डिपस्टिक शोधा. डिपस्टिक म्हणजे तेल मोजायची पट्टी. ती कुठे गिअरच्या दांड्याजवळ असते, कुठे सीटच्या मागे. इंजिनच्या बाजूला जी असते ती इंजिनच्या तेलाची. या दोन पट्ट्यांचा गोंधळ करू नका. काही ट्रॅक्टरला पट्टी नसते, पेटीच्या बाजूला एक बूच असतं. ते उघडल्यावर तेल भोकाच्या कडेपर्यंत आलेलं असलं पाहिजे. आपल्या ट्रॅक्टरला काय आहे, ते पुस्तकात चित्रासह दिलेलं असतं.

पट्टी काढण्याआधी तिच्याभोवतीची धूळ पुसून घ्या. आपल्या मातीची धूळ बारीक असते आणि तेलात गेली की कानशीसारखी काम करते. पट्टी काढा, स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कापसाचा बोळा वापरू नका, त्याचे तंतू आत जातात. पट्टी परत पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि मग वाचा. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची आणि वरची. तेल या दोन खुणांच्या मधे हवं, वरच्या खुणेजवळ असेल तर उत्तम. काही पट्ट्यांना आटे असतात. काही कंपन्या पट्टी आट्यात फिरवून मग वाचायला सांगतात, काही नुसती टेकवून. दोन्हींत पातळीचा फरक पडतो. म्हणून पुन्हा सांगतो, पुस्तक बघा आणि सगळ्यांनी एकच रीत ठेवा.

आता काही जणींचे मुलगे, भाचे पुण्या-नागपूरला क्लच नसलेली ऑटोमॅटिक कार चालवतात. ते म्हणतील, "मावशी, गिअरचं तेल तर इंजिन चालू ठेवून बघतात." त्यांचंही चूक नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या पुष्कळ गाड्यांमध्ये खरंच तसं आहे. तिथे इंजिनची ताकद तेलातूनच पुढे जाते. समोरासमोर दोन पंखे ठेवले, एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. तसंच तिथे वाऱ्याऐवजी तेल असतं. त्या भागाला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इंजिन बंद केलं की तेल खाली उतरतं आणि पातळी जास्त दिसते. म्हणून गाडी गरम करून, सगळे गिअर एकदा फिरवून, पार्किंगच्या खुणेवर ठेवून, इंजिन चालू असतानाच ते बघतात. ते तेल बहुधा लाल रंगाचं असतं. आणि हल्लीच्या कित्येक गाड्यांना तर पट्टीच नसते, वर्कशॉपमध्येच बघावं लागतं. पण कारचा नियम कारला. आपल्या ट्रॅक्टरचं तेल इंजिन बंद करूनच बघायचं. आणि तिकडचं लाल तेल इकडे ओतायचं नाही.

पातळी बघितली, आता रंग, वास आणि बोट

पट्टी पुसून ठेवण्याआधी तिच्यावरचं तेल उजेडात धरा. चांगलं तेल मधासारखं पिवळसर, आरपार दिसणारं असतं. वापराने ते थोडं गडद होतं, त्याला घाबरायचं नाही.

तेल दुधासारखं, चहासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे. पाणी कुठून जातं? पावसात ट्रॅक्टर उघड्यावर राहिला आणि गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं असेल तर तिथून. नाल्याच्या खोल पाण्यातून नेला तर. धुताना जोराचा फवारा पेटीच्या श्वासाच्या भोकावर किंवा पट्टीच्या तोंडावर मारला तर. पेटी दिवसभर तापते, रात्री थंड होते, तेव्हा हवेतलं दमट बाष्पही थोडं थोडं आत जातं. पाणी गेलेलं तेल घासण थांबवत नाही आणि आत गंज चढतो. असं तेल नुसतं वर भर घालून सुधारत नाही. पाणी कुठून आलं ते शोधून, बंद करून, सगळं तेल बदलावं लागतं. तोवर ट्रॅक्टर कामाला लावू नये.

तेल काळं पडलं आणि करपल्याचा वास आला तर ते फार तापलं आहे. कांदा करपल्याचा वास आपल्याला दुसऱ्या खोलीतून कळतो. हा वासही एकदा ओळखला की विसरत नाही. अशा वेळी विचारायचं की भार जास्त पडतो आहे का, ब्रेक अडकून राहतो का, तेल कमी होतं का, की तेल बदलायचे तास उलटून गेले?

तेलावर फेस दिसला तर त्यात हवा मिसळते आहे. तेल फार कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. तेल गरजेपेक्षा जास्त भरलं असेल तर दातेरी चाकं ते घुसळतात, ताक घुसळल्यासारखं. म्हणून "थोडं जास्तच टाका, बरं असतं" हे खरं नाही. जास्त तेल तापतं, फेसाळतं आणि सीलमधून बाहेर पडायला बघतं.

शेवटी एक थेंब अंगठा आणि बोटामध्ये चोळून बघा, पण तेल थंड असतानाच. बारीक राखाडी गुळगुळीतपणा थोडाफार असतोच, ती रोजची झीज. पण खरखर लागली, चमकणारे कण किंवा तुकडे दिसले, तर आत काहीतरी तुटतं आहे. त्या दिवशी ट्रॅक्टर थांबवा आणि मेकॅनिकला बोलवा. बोट लगेच साबणाने धुवा.

ट्रॅक्टर चालतानाही खुणा देतो. लिफ्ट उशिरा उठते, थरथरते, उठताना पंप कण्हल्यासारखा आवाज करतो, गिअर जड पडतो. हे सगळे तेलाकडे बघा म्हणून सांगणारे आवाज आहेत. ड्रायव्हर दादाला रोज संध्याकाळी विचारायचं, "आज आवाज काही वेगळा आला का?" एवढ्याने पुष्कळ कळतं.

तेल कमी आहे. ओतायच्या आधी एक प्रश्न

या भाषणातलं सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. इंजिनचं तेल थोडंफार जळतं, म्हणून ते कमी होऊ शकतं. पण या मागच्या पेटीतलं तेल जळत नाही. ते कमी झालं, तर ते कुठेतरी गेलं आहे. म्हणून ओतायच्या आधी विचारायचं, "गेलं कुठे?"

आमच्या भागातल्या एका गटात हाच प्रश्न फार कडवट झाला होता. दर पंधरा दिवसांनी तेल घालावं लागायचं. ट्रॅक्टरखाली डाग मात्र फारसा दिसायचा नाही. बैठकीत कुजबुज सुरू झाली की ड्रायव्हर तेल विकतो. ड्रायव्हरची बायको त्याच गटाची सदस्य. ती दोन बैठकांना आलीच नाही, तिसऱ्या बैठकीत तिने बचतीची वही परत मागितली. नऊ वर्षांची मैत्री एका डब्या तेलावरून तुटायला आली. तेव्हा गटाने ठरवलं की आधी शोधू, मग बोलू. मागच्या पीटीओ शाफ्टवरचं झाकण काढलं, तर शाफ्टभोवती पऱ्हाटीच्या सालीचे आणि सुतळीचे वेढेच्या वेढे. कापसाची उलंगवाडी झाल्यावर रोटाव्हेटर पऱ्हाटीत फिरवला होता. तो चिवट धागा शाफ्टभोवती गुंडाळत गुंडाळत आत शिरला आणि त्याने तेलाच्या सीलची कड कापली. तेल काम चालू असतानाच गळायचं आणि वावरात मातीवर पडायचं. घरी उभा असताना जवळजवळ नाहीच. सील बदललं, प्रश्न मिटला. ड्रायव्हरच्या बायकोची वही तिच्या हातात देऊन अध्यक्ष ताई म्हणाल्या, "आता लिहायचं काम तुझ्याकडे." आज त्या गटाच्या तेलाची नोंद तीच ठेवते.

म्हणून शोधायची रीत लक्षात ठेवा. रात्री ट्रॅक्टरखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे पडला ते बघा. इंजिन आणि गिअरपेटीच्या मधोमध असेल तर क्लचच्या बाजूचं सील. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर अ‍ॅक्सलचं सील. अगदी मागे असेल तर पीटीओ. लिफ्टच्या नळ्यांखाली असेल तर जोड ढिला. डाग नसेल आणि तरी तेल कमी होत असेल, तर काम चालू असताना गळतं. मग काम झाल्या झाल्या, इंजिन बंद करून, ओलसर धूळ कुठे चिकटली आहे ते बघा. तेल लागलं की धूळ तिथे चिखलासारखी जमते.

अवजार बँकेसाठी आणखी एक गोष्ट आहे. हायड्रॉलिक ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरचं तेल नळीतून ट्रॉलीच्या सिलेंडरमध्ये जातं. ट्रॉली वर असताना पट्टी बघितली तर तेल कमी दिसणारच. आणि दुसऱ्या कुणाची ट्रॉली आपल्या ट्रॅक्टरला जोडली, तर तिच्या सिलेंडरमधलं जुनं, घाण, कदाचित पाणी मिसळलेलं तेल आपल्या पेटीत येतं. तिची ट्रॉली आपलं तेल घेऊनही जाते. म्हणून जोडायच्या आधी नळीची दोन्ही तोंडं पुसायची, आणि परकी ट्रॉली जोडली त्या दिवशी वहीत लिहायचं.

जिवाची काळजी आधी

ट्रॅक्टरजवळ जाताना पदर खोचा, ओढणी बांधा, मोकळे केस बांधा. पीटीओ फिरत असताना जवळ जायचंच नाही. गुंतलेली पऱ्हाटी काढायची असेल तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी हातात, शाफ्ट पूर्ण थांबलेला. तो फिरणारा शाफ्ट पदर पकडतो तेव्हा ओरडायलाही वेळ देत नाही.

लिफ्टच्या नळीतून बारीक फवारा उडत असेल तर बोट लावून भोक शोधू नका. त्या तेलाला इतका दाब असतो की ते कातडीच्या आत शिरतं. वरून सुईएवढीच खूण दिसते, पण आत इजा मोठी असते. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना "दाबाचं तेल आत गेलं" असं स्पष्ट सांगा. फवारा शोधायला पुठ्ठाच धरायचा, तोही लांबून.

उतारावर ट्रॉली भरलेली असताना गिअर काढून न्यूट्रलवर गाडी सोडू देऊ नका. डिझेल वाचवायला काही जण तसं करतात. सगळा भार ब्रेकवर येतो, तेल आणि ब्रेक तापतात आणि गाडी हातात राहत नाही.

तेल कोणतं, आणि बदलायचं कधी?

डब्यावर "गिअर ऑइल" लिहिलं म्हणजे ते आपल्या ट्रॅक्टरचं झालं असं नाही. ज्या पेटीत गिअर, लिफ्ट आणि ब्रेक एकत्र असतात, तिला तिन्ही कामं करणारं ट्रॅक्टरचं खास तेल लागतं. चुकीचं तेल टाकलं तर ब्रेक कर्कश वाजतात, थरथरतात, लिफ्ट जड होते. इंजिनचं उरलेलं तेल त्यात ओतायचं नाही. पुस्तकात तेलाचं नाव आणि प्रत लिहिलेली असते. ती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दुकानात न्या. सीलबंद डबा घ्या, पक्कं बिल घ्या, बिल गटाच्या फाइलला लावा.

बदलायची वेळ महिन्यांवर नाही, तासांवर मोजतात. ट्रॅक्टरला तासाचं मीटर असतं. बऱ्याच कंपन्या हे तेल साधारण हजार तासांच्या आसपास बदलायला सांगतात, पण आपला आकडा पुस्तकातलाच धरा. नवीन ट्रॅक्टरला पहिल्यांदा त्याहून लवकर बदलावं लागू शकतं. आता हिशेब करा. घरचा ट्रॅक्टर वर्षाला थोडाच चालतो. पण भाड्याचा ट्रॅक्टर हंगामात रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस चालला, तर आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास होतात. एकवीस आठवड्यांत हजार तास भरतात. "वर्षातून एकदा बदलतो" हा घरच्या ट्रॅक्टरचा हिशेब अवजार बँकेला चालत नाही. तेल बदलताना फिल्टर आणि जाळीही साफ करायची किंवा बदलायची.

निघालेलं जुनं तेल नाल्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर ओतू नका. सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. ते ढोरांच्या जखमेलाही लावू नका. झाकणाच्या डब्यात भरून, जुनं तेल गोळा करणाऱ्या वर्कशॉपला द्या.

वही हीच खरी मालकी

आम्ही सगळ्या गटांना एकच सुचवतो. शंभर पानी वही घ्या आणि रकाने पाडा: तारीख, मीटरवरचे तास, तेलाची पातळी, रंग आणि वास, किती लिटर घातलं, का कमी झालं, बघणारीची सही, ड्रायव्हरची सही. हंगामात आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून एकदा. दर महिन्याला पाळी बदला, म्हणजे वर्षभरात बारा जणींना तेल बघता येईल. जिला लिहिता येत नाही तिने पट्टी बघायची, दुसरीने लिहायचं. डोळ्याला आणि नाकाला शाळा लागत नाही.

ड्रायव्हर दादाला हे आधी नीट समजावून सांगा. "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, तुमच्यावर उद्या कुणी बोट ठेवू नये म्हणून" असं म्हणा. आणि ते खरंच आहे. मेकॅनिक भाऊंनी "तेल खराब झालंय" म्हटलं, तर त्यांना आदराने म्हणा, "दाखवा ना भाऊ, आम्हीही बघतो." जुना सुटा भाग परत मागा. जो नीट काम करतो त्याला अशा विचारण्याचा राग येत नाही.

काही जणींना वाटतं, यंत्र म्हणजे पुरुषांचा प्रांत. आपल्या शेजारी नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे. चेन्नईची टॅफे ही देशातली मोठी ट्रॅक्टर कंपनी १९६० साली सुरू झाली, आणि तिचं नेतृत्व अनेक वर्षं मल्लिका श्रीनिवासन या बाईने केलं आहे. ट्रॅक्टरची कंपनी बाई चालवू शकते, तर ट्रॅक्टरची पट्टी बाई नक्कीच वाचू शकते. आणखी शिकायची इच्छा असेल तर मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची कृषी यंत्रांचं प्रशिक्षण आणि परीक्षण करणारी संस्था आहे. जवळचं हवं असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात गटाच्या लेटरपॅडवर अर्ज द्या की आम्हाला ट्रॅक्टरच्या देखभालीचं एक दिवसाचं शिक्षण हवं आहे. एका बाईने मागितलं तर "बघू" म्हणतात, बारा सह्यांच्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तीन कामं करा. एक, ट्रॅक्टरचं पुस्तक शोधून गटाच्या पेटीत ठेवा. दोन, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून सगळ्या मिळून एकदा पट्टी ओढून बघा. तीन, वहीचं पहिलं पान भरा. पेरणीला अजून वेळ आहे तोवर हे झालं, तर मृगाचा पहिला पाऊस पडेल तेव्हा तुम्ही मेकॅनिकच्या दारात नसाल, वावरात असाल.

राम राम.